अंगठ्याचे शेवटचे काप

“ह्यात बघायचं काय आहे? काळं ते काळंच,” असं म्हणत अर्धामिनिट साहेबांनी सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड काढून ट्रेमध्ये टाकली. “मेलानोमा. लिहून घ्या. पुढची.”

“हो सर,” नवी डॉक्टरीण म्हणाली आणि तिने लिहून घेतलं.

ट्रे धरून बाई शेजारीच उभ्या होत्या. साहेबांना ‘अर्धामिनिट’ हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. रुग्णालयात कुणाच्याही अंगातून कापून काढलेला तुकडा शेवटी ह्याच प्रयोगशाळेत यायचा, आणि तो कर्करोग आहे की नाही हे प्रमुख ह्या नात्याने साहेब सांगायचे. त्याला त्यांना अर्धा मिनिट पुरायचा आणि ह्या गोष्टीची त्यांना भारी घमेंड होती. बाईंच्या मते अर्ध्या मिनिटात माणसाला धड शिंकताही येत नाही. नव्या डॉक्टरणीचं नाव त्यांनी ‘होसर’ ठेवलं होतं, कारण दीड वर्षात तिच्या तोंडून दुसरं काही कुणी ऐकलंच नव्हतं. बाई तिला तोंडावर होसर म्हणत आणि ती ओ देई, ह्यातच काय ते आलं.

बाई स्वतः डॉक्टर नव्हत्या. त्या तुकड्याचे काप काढायच्या. आलेला तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करायचा, तो बर्फावर गार करायचा, यंत्राच्या पात्याखाली धरून चाक फिरवायचं. पात्यावरून मेणाची फीत सुटते. ती कोमट पाण्यावर तरंगवायची आणि काचेवर अलगद उचलून घ्यायची. एकेक काप असा की फुंकर मारली तर गेला. एकतीस वर्षं बाई हेच करत होत्या, आणि आपल्याइतका सरळ काप दुसऱ्या कुणाला येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाकीचं जग पाट्या टाकतं, असं त्यांचं साधं मत होतं.

साहेबांनी टाकलेली स्लाइड त्यांनी खिडकीकडे धरली. काचेवर शाई सांडावी तसा काळा डाग. पेशी दिसायला त्यात जागाच नव्हती. साहेबांनी पेशी बघितल्याच नव्हत्या, नुसता रंग बघून कातडीचा कर्करोग ठरवून टाकला होता.

“साहेब, रंग काढून बघायचा का?” बाईंनी विचारलं.

ही काही नवी गोष्ट नव्हती. कातडीला रंग देणाऱ्या पेशींची गाठ असली की कधी कधी तो रंगच सगळं झाकून टाकतो. मग एक काप ब्लीच करायचा, रंग गेला की खालच्या पेशी उघड्या पडतात. जुने प्रमुख होते तेव्हा अशी गाठ ब्लीच केल्याशिवाय टेबलावर जातच नसे. पण त्यात अर्धा दिवस मोडतो, आणि साहेबांनी तर फर्मान काढलं होतं की जादा तपासणी त्यांच्या सहीशिवाय करायची नाही.

“बाई, तुम्ही कापा. बघायला आम्ही आहोत,” साहेब म्हणाले. “आणि हो, ह्या ब्लॉकचे आणखी पंधरा काप काढा. परिषदेला नेतो. इतकी काळी गाठ लोकांनी जन्मात पाहिली नसेल.”

“हो सर,” होसर म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

बाईंनी पंधरा काप काढून दिले. मूळ तुकडाच चिमूटभर, त्यात ही हौस. ब्लॉकमध्ये उरला तो नखाच्या कातरणाएवढा अंश. पहिलीसकट सगळ्या स्लाइड साहेबांच्या कपाटात गेल्या आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात.

तुकड्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं: क्रमांक चौदाशे सोळा, पुरुष, वय त्रेसष्ट, उजवा अंगठा, व्यवसाय शिवणकाम. आडनाव बाईंचंच होतं. तो बाईंचा थोरला दीर होता. हे बाईंनी साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर साहेबांनी पाऊण मिनिट बघितलं असतं, एवढाच फरक.

दिराला सगळे मास्तर म्हणत. खाली त्यांचं शिवणकामाचं दुकान आणि वर दोन्ही भावांची बिऱ्हाडं. मास्तर सूट कापायचे. खडूची एक रेघ न मारता, नुसत्या नजरेने, आणि गिऱ्हाईक आरशासमोरून हलायचं नाही. ही कला सोडली तर मास्तरांत बाईंना घेण्यासारखं काही सापडलं नव्हतं. अंगठ्यावरची ती गाठ सहा वर्षांची. पहिल्यांदा तीळ होता तेव्हा मास्तर तो गिऱ्हाइकांना दाखवायचे, म्हणायचे हा आल्यापासून हाताला यश आलं. गेल्या वर्षभरात तिळाचा बोराएवढा गोळा झाला आणि कात्रीच्या कडीत अंगठा जाईना, तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे गेले.

बाई नोकरीला लागल्या त्या दिवसापासून मास्तरांनी त्यांच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. माणसाचं मांस कापणारे हात, म्हणे. घरात बाईंना सगळे ‘धाकटी’ म्हणत. सत्तावन्न वर्षांच्या झाल्या तरी धाकटीच. बाईंचा नवरा मास्तरांच्याच दुकानात काजं-बटणं करायचा आणि दादाने काही म्हटलं की “हो दादा” म्हणायचा. बायकोच्या पाण्याबद्दल त्याने एकतीस वर्षं मूग गिळले होते. बाईंचा दिवस होसरजवळ संपायचा आणि संध्याकाळ ह्याच्याजवळ सुरू व्हायची.

त्या संध्याकाळी बाई दुकानात शिरल्या तेव्हा थोरली जाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर पदर डोळ्याला लावून बसली होती.

“शुक्रवारी काढतायत,” मास्तर म्हणाले. “अख्खा अंगठा. मुळापासून.”

“असं कोण म्हणालं?”

“सर्जन म्हणाला. कागद आलाय ना, तुमच्याच त्या कारखान्यातनं. काय गं धाकटे, नीट बघितलंय ना त्यांनी? का पाट्या टाकल्यात?”

“बघणारे मोठे डॉक्टर आहेत, भावजी.”

“तेच म्हणतो मी. ते बघतात म्हणून ठीक. तू काय, नुसती किसत बसतेस.”

“हो दादा,” बाईंचा नवरा सवयीने म्हणाला आणि मग त्याचं त्यालाच कसंसं झालं. त्याने मान खाली घालून बटण ओवलं.

खोटं कशाला बोला, बाईंना आतून बरं वाटलं. तोच अंगठा नाचवत मास्तरांनी त्यांना पाण्याच्या तांब्यापासून लांब केलं होतं. त्याच अंगठ्याने दाराकडे बोट दाखवावं तसं दाखवून “धाकटीला आत जायला सांगा” म्हटलं होतं, तेही पाहुण्यांसमोर. जातोय तर जाऊ दे. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बाईंनी हे मनात अगदी स्पष्ट म्हटलं.

तेवढ्यात मागे कात्रीचा आवाज आला. टेबलावर करड्या सुटाचं कापड पसरलेलं होतं, बाही कापायची राहिली होती. मास्तरांनी कात्री डाव्या हातात घेतली होती. उजव्या हाताची कात्री डाव्यात चालत नाही, पाती एकमेकांना भिडत नाहीत, कापड चावलं जातं. तरी मास्तर रेटत होते. बाहीचा काप चार बोटं सरळ गेला, मग नागमोडी झाला आणि कापड पात्यांत दुमडून अडकलं. मास्तरांनी ते सोडवलं, उलटं करून ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसले. ओरडले नाहीत, कुणाला बोल लावला नाही.

तो वाकडा काप रात्रीच्या जेवणात, आवराआवरीत बाईंच्या डोळ्यांसमोरून हलेना. मास्तरांच्या अंगठ्याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. खरोखरच कर्करोग असला तर तो जायलाच हवा होता. पण तो अर्ध्या मिनिटात जावा, न बघता जावा, हे बाईंना खपणार नव्हतं. आणि पाट्या टाकल्या असतील ही मास्तरांची शंका खरी निघावी, ती त्यांनी बाईंच्या तोंडावर बोलून दाखवावी आणि बाईंनी मोठ्या डॉक्टरांची बाजू घ्यावी, ह्याची तर त्यांना चीडच आली. अर्धामिनिट साहेबांची बाजू घेण्याची आपल्यावर वेळ आली!

बुधवारी सकाळी सातला बाई प्रयोगशाळेत हजर होत्या. साहेब साडेदहाला यायचे. चौदाशे सोळाचा ब्लॉक त्यांनी बर्फावर ठेवला, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ. पातं नवं लावलं. ब्लॉक यंत्रात बसवताना त्याचा कोन केसभर जरी चुकला असता तरी पहिल्या फेऱ्यातच उरलेला अंश तिरपा छाटला गेला असता. बाईंनी तो तीनदा बसवला आणि तीनदा काढला. चौथ्यांदा बसवला तेव्हा पातं मेणाला अख्ख्या तोंडाने टेकलं.

मग श्वास रोखून त्यांनी चाक फिरवलं.

पहिला काप फाटला. दुसरा पाण्यावर उतरवताना दुमडला, कुंचल्याने उलगडायला गेल्या तर अर्धा राहिला. ब्लॉकमध्ये आता मेणच दिसत होतं, मधोमध एक काळा ठिपका. बाईंनी हात पुसले. एकतीस वर्षांत त्यांचे लागोपाठ दोन काप कधी वाया गेले नव्हते, आज गेले आणि ह्याचाही त्यांना राग आला. कुणासाठी, तर त्या माणसासाठी. त्या रागातच त्यांनी चाक पुन्हा फिरवलं. तिसरा काप आला, अख्खा, आणि पाण्यावर सुरकुती न पडता पसरला. त्यानंतर चाक फिरवलं तर नुसतं मेण.

पुढचं काम धीराचं. काप काचेवर घट्ट बसेपर्यंत तापवायचा, मग जांभळ्या औषधात, मग आम्लात. औषधात कमी ठेवला तर रंग जात नाही, जास्त ठेवला तर काप काचेवरून सुटून तरंगायला लागतो आणि मग त्याला कुणी वाली नाही. बाई घड्याळ बघून काम करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या कापाकडे बघत होत्या. काळा डाग तपकिरी झाला, मग चहासारखा, मग फिका. काळं पार गेलं तेव्हा त्यांनी काच बाहेर काढली, धुतली आणि नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात बुडवली.

दहाला होसर आली. बाईंनी तिला खुर्चीत बसवलं आणि स्लाइड समोर ठेवली.

“काय आहे हे?”

“कालची चौदाशे सोळा. तोंड धुतलंय तिचं. बघ.”

“पण सरांची सही...”

“सही मागून. आधी बघ. आणि अर्ध्या मिनिटात उठलीस तर पुन्हा माझ्याकडे स्लाइड मागू नकोस.”

होसर वाकली. बाई मागे उभ्या राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती भिंग बदलून पुन्हा पुन्हा तीच जागा बघत होती. उठली, कपाटातलं जाड पुस्तक काढलं, पानं उलटली, पुन्हा वाकली. पोरगी बघू शकते तर, बाईंच्या मनात आलं. तिला कुणी बघायला दिलं नव्हतं आणि तिनेही मागितलं नव्हतं.

“बाई,” शेवटी ती म्हणाली, “पेशी मोठ्या आहेत, पण सगळ्या सारख्या. वेड्यावाकड्या नाहीत. वाढीला लागलेली, विभागणारी एकही दिसत नाही. मेलानोमा असा नसतो.”

“मग हे काय?”

“एक गाठ असते, फार क्वचित सापडते. रंगाने गच्च भरलेली. दिसायला भयंकर, पण चाल सावकाश. पूर्ण साधी म्हणता येत नाही. ती भोवतीच्या चांगल्या कातडीची कड धरून काढायची आणि मग दर काही महिन्यांनी माणसाला तपासत राहायचं.”

“आणि अंगठा?”

“अंगठा कशाला काढायचा?”

बाई स्टुलावर बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

“पण हे सरांना कसं सांगू?” होसर म्हणाली.

“तोंडाने.”

साहेब आले. आधी सहीवरून पेटले.

“कुणी सांगितलं हे करायला?”

“मी केलं,” बाई म्हणाल्या.

“कुणाच्या परवानगीने? उद्या तुम्ही रिपोर्टही लिहाल.”

“शुक्रवारी अंगठा कापतायत साहेब. तो परत चिकटवता येत नाही. आधी बघून घ्या, मग मला काय बोलायचं ते बोला.”

साहेब नाक मुरडत खुर्चीत बसले. बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. साहेबांची मानेमागची कातडी लाल होत गेली. सहाव्या मिनिटाला त्यांनी डोकं वर केलं, चष्मा काढून पुसला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हं. मला काल शंका आलीच होती. म्हणून तर ब्लीच करा म्हणालो. काय डॉक्टर, म्हणालो होतो ना?”

होसर काही बोलली नाही. साहेबांनी तिच्याकडे बघितलं. ती पुस्तकाचं पान धरून उभी होती, मान खाली, पण तोंड बंद. दीड वर्षात पहिल्यांदाच त्या खोलीत ‘हो सर’ ऐकू आलं नाही. साहेबांनी खाकरून फोन उचलला आणि सर्जनला शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं.

स्लाइड दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्या तज्ज्ञाकडे गेली. आठ दिवसांनी त्याचा निरोप आला, होसरने सांगितलं होतं तेच. मास्तरांची गाठ तेवढी काढली, तिथे दंडाची कातडी लावली. अंगठा जागेवर राहिला.

टाके निघाले त्या दिवशी दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं बसली होती आणि मास्तर हात नाचवत सांगत होते. “एवढा मोठा डॉक्टर, पण माझ्या एकट्यासाठी पुन्हा बसला बघायला. स्वतः! नाहीतर बाकीचा स्टाफ काय, नुसता कापाकापीचा.”

“हो दादा,” बाईंचा नवरा म्हणाला.

बोलून बोलून मास्तरांना ठसका लागला. थोरली वर होती. बाई तांब्याजवळच उभ्या होत्या, त्यांनी पेला भरून समोर धरला. मास्तरांनी ठसका आवरत तोच अंगठा हलवला. “थोरलीला हाक मार.”

बाईंनी हाक मारली. पेल्यातलं पाणी त्यांनी तिथेच उभ्याने पिऊन टाकलं.

जिन्यात जाऊ भेटली. “तुला कळलं होतं का गं काही, तिकडे?” तिने हळूच विचारलं.

“मी नुसती कापते, जाऊबाई.”

सांगता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. पण मग मास्तरांनी आभार मानले असते, कदाचित पाणीही घेतलं असतं, आणि ज्या माणसाला इतकी वर्षं कस्पटासमान मानलं त्याची शाबासकी घ्यायची म्हणजे त्याला किंमत देणं आलं. बाईंची त्याला तयारी नव्हती. तरी वर पोचल्यावर त्यांनी दार नेहमीपेक्षा जोरात लावलं, हेही खरं.

दोन महिने गेले. एका सकाळी बाई यंत्रावर बसल्या होत्या, होसर पलीकडे सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसली होती. आता एकेका स्लाइडला ती इतका वेळ लावायची की साहेब चिडायचे. दार उघडून साहेब आत आले, ते एकदम थांबलेच, लोकांनी बघावं म्हणून. अंगावर नवा सूट होता. करडा.

“तो चौदाशे सोळा नंबरचा पेशंट,” साहेब म्हणाले. “शिंपी आहे. ऐकेचना. म्हणाला, तुम्ही माझा हात वाचवलात, तुमच्यासाठी पहिला सूट. परिषदेला हाच घालणार आहे. तीच गाठ दाखवायचीय. कसा आहे बाई?”

साहेबांना नातं अजूनही माहीत नव्हतं. बाईंनी चाकावरचा हात काढला आणि उठून जवळ गेल्या. साहेबांचे खांदे खाली-वर होते, पोट सुटलेलं होतं, पण सुटाने ते सगळं पोटात घातलं होतं. मानेवर कॉलर सपाट बसली होती. बाही खांद्यातून अशी उतरली होती की जोड शोधावा लागावा. बाईंनी ती बाही खांद्यापासून मनगटापर्यंत नजरेने तपासली. अर्ध्या मिनिटाच्या वर वेळ गेला. साहेब चुळबुळले.

“काप सरळ आहे,” बाई म्हणाल्या.

मग जाग्यावर जाऊन बसल्या, बर्फावरचा पुढचा ब्लॉक उचलून यंत्रात बसवला, श्वास रोखला आणि चाक फिरवलं.